चित्रातले मावशीला काय कळते?

आमच्या मुलीने शाळेसाठी निसर्गचित्र काढले. विषय आपल्याच हिंगोली जिल्ह्यातला, वसमतकडच्या हळद काढणीचा. मागे डोंगर, कडेला नारळ, वर भर दुपारचा सूर्य, मध्ये हिरवेगार हळदीचे रान आणि त्यात कुदळ मारणाऱ्या बाया. आम्ही ते कौतुकाने भिंतीला लावले.

शेजारच्या मावशी दरसाल हळद काढायला मजुरीने जातात. चित्र पाहून त्या म्हणाल्या, "माय, हिरवी हळद कोणी काढतं का? पाला वाळला की कापतात, मग कुदळ लागते. अन् नारळ कुठून आणलं? आपल्याकडं बाभळी."

मुलगी रुसली. "मावशी, चित्रातलं तुम्हाला काय कळतं?" हे वाक्य आमच्याही ओठांवर आले होते. हेच वाक्य निरनिराळ्या तोंडून आपण जन्मभर ऐकले. आज ते आमच्याच घरातून निघणार होते, याची लाज वाटली.

सुमारे २३०० वर्षांपूर्वी अपेलीस नावाचा थोर ग्रीक चित्रकार होऊन गेला. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की तो आपली चित्रे रस्त्यावर मांडून मागे लपून लोकांचे बोलणे ऐके. चपला शिवणाऱ्या एका कारागिराने चपलेच्या बंदातली चूक दाखवली. अपेलीसने ती सुधारली. दुसऱ्या दिवशी कारागीर पायाबद्दल बोलू लागला, तेव्हा मात्र त्याने सुनावले, चपलेच्या वरचे बोलू नकोस! आमच्या मते पहिल्या दिवशीचा अपेलीस मोठा, दुसऱ्या दिवशीचा लहान.

रविवारी मुलीने चित्र खाली काढले. पोस्टर कलर होते म्हणून निभावले. पाणी कमी ठेवले की वाळलेल्या रंगावर दुसरा थर बसतो. पाणी जास्त झाले तर खालचा रंग वर येतो. पातळ जलरंगात गडद हिरवे असे झाकता आले नसते. रान मातकट झाले, नारळाची बाभूळ झाली. मग मावशी म्हणाल्या, "सूर्य डोक्यावर, अन् सावल्या इतक्या लांब कशा?" हे हळदीच्या वरचे बोलणे होते, आणि अगदी बरोबर होते. उन्हात वाकून राबणाऱ्याला सावली नाही कळणार तर कोणाला?

तेव्हा मुलांची चित्रे केवळ वाहवा करून भिंतीला लावू नका. कामावरून आलेल्या आईला, आजीला, शेजाऱ्यांना विचारा, "यात काय चुकलं?" आणि उत्तर मिळाले की मुलांच्या हाती पुन्हा ब्रश द्या.