‘पक्षी वाचवा’ लिहिण्याआधी…



‘पक्षी वाचवा’ हा निबंध आपण सगळ्यांनीच कधी ना कधी मुलांना लिहायला दिला असेल. मीही दरवर्षी देते. मुलं छान लिहितात. पक्षी आपले मित्र आहेत, झाडे लावा, त्यांना पाणी ठेवा, शेवटी एक घोषवाक्य. दहापैकी आठ गुण. पण एकदा सहावीतल्या एका मुलीने वही देताना विचारलं, “बाई, पक्षी कमी झाले हे कळलं कसं? मोजले कोणी?” खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन शोधायला बसले आणि एका चिमुकल्या पक्ष्याची गोष्ट सापडली. इंग्रजीत त्याला ‘स्पून-बिल्ड सँडपायपर’ म्हणतात. आपण ‘चमचचोच तुतवार’ म्हणू या. हा दलदलीत, चिखलात चालून अन्न शोधणारा पक्षी. वजन जेमतेम 30 ग्रॅम आणि चोचीचं टोक चमच्यासारखं पसरट. उन्हाळ्यात तो रशियाच्या अगदी ईशान्य टोकाला, चुकोत्काच्या किनाऱ्यावर अंडी घालतो. मग चीनच्या किनाऱ्याने खाली येत म्यानमार, बांगलादेशापर्यंत सुमारे 8,000 किलोमीटर उडतो. आज तो जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांपैकी एक आहे.

2002 ते 2009 या काळात त्याची संख्या दरवर्षी साधारण 26 टक्क्यांनी घटत होती. आता विचार करा, आपण काय म्हणालो असतो? “प्रदूषण! जंगलतोड! हवामानबदल!” निबंधात हेच येतं ना? शास्त्रज्ञांनी मात्र आधी आकडे तपासले. घरट्यांतून पिल्लं उडून जात होती. मोठे पक्षीही बऱ्यापैकी जगत होते. अडचण मधेच होती. उडून गेलेली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायला जवळजवळ परतच येत नव्हती.

मग ती जात होती कुठे? या पक्ष्याची पिल्लं पहिला उन्हाळा दक्षिणेकडेच काढतात, साधारण दोन वर्षांची झाली की उत्तरेला जातात. म्हणजे धोका दक्षिणेत असेल तर तो त्यांनाच जास्त. म्यानमारच्या मोत्तमाच्या आखातात, जिथे जगातले जवळपास निम्मे चमचचोच तुतवार हिवाळ्यात राहतात, तिथे जाऊन पाहिलं तेव्हा पक्षी पकडायची जाळी दिसली. पकडणारे कोण? किनाऱ्यावरची गरीब माणसं. ती खाण्यासाठी, विकण्यासाठी मिळेल तो पक्षी पकडत होती. हा छोटा पक्षी त्यांना हवा होता असंही नाही, तो आपला सापडत होता.

माझ्या मते खरा धडा इथे आहे. कारण नेमकं कळलं म्हणून उपायही नेमका करता आला. म्यानमारमध्ये आणि बांगलादेशातल्या सोनादिया बेटावर पक्षी पकडणाऱ्यांशी बोलून त्यांना पोटापाण्याची दुसरी साधनं देण्यात आली. नुसती झाडं लावून हा पक्षी वाचला नसता, आणि त्या माणसांना नुसत्या शिव्या देऊनही नाही.

पुढे 2012 पासून चुकोत्कात काही घरट्यांतली अंडी उबवून, पिल्लं जाळीच्या घरात वाढवून, उडण्याजोगी झाली की सोडायला सुरुवात झाली. एरवी एका घरट्यामागे सरासरी एकही पिल्लू उडण्यापर्यंत टिकत नाही. अशा संगोपनात तीनच्या आसपास टिकतात. काही पक्ष्यांच्या पायाला अक्षरं कोरलेल्या छोट्या खुणा लावल्या. चीनच्या जिआंग्सू किनाऱ्यावर थव्यात खुणेचे किती आणि बिनखुणेचे किती हे पाहून 2014 सालचा अंदाज काढला: अख्ख्या जगात 210 ते 228 जोड्या. आपल्या एखाद्या शाळेच्या पटापेक्षाही कमी! हा किनारा किती मोलाचा आहे हेही अशाच निरीक्षणांतून पुढे आलं. 2019 मध्ये तिथला चिखलाचा भाग जागतिक वारसा यादीत गेला.

पक्षी वाचला का? अजून नाही. घट मंदावली आहे, थांबलेली नाही. मुलांना हेही सांगायला हवं. प्रत्येक गोष्टीचा शेवट गोड करून सांगायची आपल्याला फार सवय आहे.

काही जण म्हणतील, “अभ्यासक्रम पूर्ण होता होत नाही, त्यात हे कुठे बसवायचं?” एक तास पुरतो. बरणीभर राजमा घ्या. त्यातले 25 दाणे काढून शाईने खूण करा, परत टाकून नीट मिसळा. आता न बघता 30 दाणे काढा. त्यात खुणेचे 3 निघाले तर दहातला एक दाणा खुणेचा, म्हणजे बरणीत अंदाजे 250 दाणे. मग सगळे मोजून पडताळा घ्या. उत्तर थोडं चुकेलच. का चुकलं, यावर मुलांना बोलू द्या. गुणोत्तर शिकवून झालं, आणि पक्षी कसे मोजतात हेही कळलं.

पालकांनाही एक सांगणं. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीवर किंवा जवळच्या तलावावर मुलांना घेऊन जा. उत्तरेकडून आलेले तुतवार चिखलात फिरताना दिसतील. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी कितीतरी वर्षं अशा पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा प्रवास शोधते आहे. मुलांना फक्त मोजायला सांगा आणि तारीख घालून वहीत लिहायला सांगा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजा.

‘पक्षी वाचवा’ हा निबंध मी बंद केलेला नाही. फक्त त्याआधी आता तीन प्रश्न फळ्यावर लिहिते: किती होते? किती उरले? का, आणि हे कशावरून? घोषवाक्य शेवटी आलं तरी चालेल. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला आठवड्याने दिलं. ती म्हणाली, “मग बाई, आपल्या शाळेतल्या चिमण्या मोजू या का?”

मोजतोय. तुम्हीही सुरुवात करून बघा.