दूध बाधते, पण सोडावे किती?

तुमसरच्या धान्यबाजारातील एखादा व्यापारी सकाळी उपाशीपोटी पेलाभर दूध घेऊन दुकानी जातो आणि तासा-दोन तासांत त्याचे पोट फुगते, गुडगुडते, कधी शौचासही धावावे लागते. घरात दोष पित्ताला दिला जातो. तोच गृहस्थ आयंबिलाच्या ओळीचे नऊ दिवस मात्र निर्धास्त असतो. या विसंगतीमागे शरीरशास्त्रातील एक साधे कारण असू शकते.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. लहान आतड्याच्या अस्तरातील लॅक्टेज हे विकर तिचे विघटन करते. बाल्यावस्थेनंतर जगातील बहुसंख्य माणसांत हे विकर कमी होत जाते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, पाणी ओढून घेते आणि तेथील जिवाणू तिला आंबवून वायू निर्माण करतात. प्रौढपणीही दूध पचविण्याची क्षमता आनुवंशिक आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार भारतात या क्षमतेशी निगडित जनुकीय बदलाचे प्रमाण वायव्येकडून आग्नेयेकडे घटत जाते. एकाच घरात एका भावाला दूध मानवते आणि दुसऱ्याला बाधते, ते यामुळेच.

निदानासाठी डॉक्टर प्रथम आहाराची चौकशी करतात. साधारण दोन आठवडे दुग्धपदार्थ थांबवून, नंतर ते पुन्हा देऊन त्रास परततो का, हे पाहिले जाते. मोठ्या शहरांत श्वासातील हायड्रोजन मोजणारी चाचणीही होते. आयंबिलातील आराम हा केवळ संकेत होय. कारण त्या दिवसांत तेल, तूप, गोड व तळलेलेही वर्ज्य असते. दुधाची ॲलर्जी हा मात्र निराळा विकार आहे. त्यात थोडेसे दूधही धोकादायक ठरू शकते. जुलाबाच्या आजारानंतर लहान मुलांत हा त्रास तात्पुरता उद्भवतो. तेवढ्यासाठी अंगावरचे दूध तोडू नये.

येथे सर्वांत मोठी चूक घडते, ती दूध कायमचे बंद करण्याची. शाकाहारी माणसाला बी-12 जीवनसत्त्व आहारातून मिळते ते मुख्यतः दुग्धपदार्थांतूनच. त्याच्या अभावी रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात, स्मृती मंदावते. शिवाय बहुतेकांना एका वेळी सुमारे 12 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण 250 मिलिलिटर दूध, विशेषतः जेवणासोबत घेतल्यास फारसे बाधत नाही. म्हणून दूध थोडे थोडे, विभागून घ्यावे. दह्यातील जिवाणू साखरेचा काही भाग आधीच पचवितात, त्यामुळे दही-ताक पुष्कळांना सोसते. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी ते भातासोबत घ्यावे. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसते. खवा, पेढे व दुधाची भुकटी यांत मात्र ते एकवटलेले असते. कॅल्शियमसाठी नाचणी व तीळ उपयोगी पडतात. लॅक्टेजच्या गोळ्याही मिळतात. परंतु हे विकर बहुधा बुरशी किंवा यीस्टपासून बनते आणि कॅप्सूलचे आवरण अनेकदा जिलेटिनचे असते, म्हणून नियमधारकांनी घटक विचारून घ्यावेत.

वजन घटणे, शौचावाटे रक्त, ताप, झोपेतून उठविणारे जुलाब किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेला त्रास असल्यास दुधाला दोष देत बसू नये. तपासणी त्वरित करून घ्यावी. ज्यांनी दूध पूर्वीच सोडले आहे, त्यांनी बी-12 ची रक्ततपासणी लांबणीवर टाकू नये. आहारातील त्याग विवेकाने केला, तरच तो शरीराला पेलतो.