स्टेशन कुडचड्यात, नाव सावर्ड्याचे, माल परक्याचा



केपे तालुक्यातील कुडचड्याला ज्याने कधी गाडी पकडली असेल त्याला एक गंमत ठाऊक आहे. स्टेशन उभे आहे कुडचड्यात, बाजार कुडचड्याचा, फलाटाबाहेरचा चहावाला कुडचड्याचा, पण रेल्वेच्या दप्तरात नाव सावर्ड्याचे. सावर्डे नदीच्या पलीकडे! ज्यांनी रूळ टाकले त्यांना गावाचे नाव विचारायची गरज वाटली नाही. झुआरीतून होड्या-पडाव जिथवर वर चढत, त्या जागेचे नाव त्यांच्या नकाशावर आधीच होते, तेच त्यांनी स्टेशनला दिले. ही बारीकशी गोष्ट वाटेल. पण या रुळांचा सव्वाशे वर्षांपलीकडचा सगळा व्यवहार असाच, गावाला न विचारता झालेला आहे, आणि आज दुसरा रूळ मागायला जे येतात तेही त्याच चालीचे आहेत. म्हणून ही कूळकथा एकदा मुळापासून सांगणे भाग आहे.

तिची सुरुवात रुळात नाही, मिठात आहे. २६ डिसेंबर १८७८ रोजी पोर्तुगाल आणि इंग्रज यांच्यात तह झाला. १८८० पासून बारा वर्षे तो चालला. पोर्तुगीजांना मुरगावचे बंदर आणि घाटावर जाणारी आगगाडी हवी होती. इंग्रजांना हवी होती जकात आणि मीठ. सौदा ठरला. गोव्याच्या मिठागरांवर इंग्रजांचा अंमल आला, ब्रिटिश हिंदुस्थानातला मिठाचा कर इथे लागू झाला, लहान आगरे बंद पडली, आणि या बदल्यात लिस्बनच्या सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. त्या रकमेचा आधार दाखवून लंडनच्या भांडवलवाल्यांना व्याजाची हमी देण्यात आली. कंपनीच्या नावातच ‘हमी’ हा शब्द होता: वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. हमी होती ती सावकाराच्या व्याजाची. आगरावर राबणाऱ्या मिठगावड्याला हमी कोणी दिली? बांगडा-तारले खारवून पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या खारव्याच्या बायकोला महाग मीठ घ्यावे लागले, तिला हमी कोणी दिली? माडावर चढणाऱ्या रेंदेराच्या मानेवरही त्याच तहाने अबकारीचे जू ठेवले. आमच्या मासळीवरचे मीठ काढून ही आगगाडी उभी राहिली, हे कोणत्याही फलाटावर लिहिलेले आढळणार नाही.

१८८७ साली मुरगावपासून सावर्डे स्टेशनापर्यंत गाडी धावू लागली, १८८८ साली घाट चढून ती ब्रिटिश हद्दीला मिळाली. मुरगाव ते कॅसलरॉक अवघे ८२ किलोमीटर, पण त्यातला कुळे ते कॅसलरॉक हा २६ किलोमीटरचा घाट असा, की ३७ हात पुढे गेले की एक हात वर चढायचे. आजही जड मालगाडीला तिथे जास्तीची इंजिने लावावी लागतात. दूधसागरच्या फेसाळत्या पाण्यासमोरून गाडी जाते तेव्हा पर्यटक फोटो काढतात. काढोत बापडे. पण हा घाट धबधबा दाखवण्यासाठी फोडलेला नव्हता. वरच्या पठारावरचा कापूस आणि धान्य बंदरात उतरावे, एवढाच हिशेब होता, आणि तोही चुकला. माल अपेक्षेइतका आला नाही, तह १८९२ साली संपला, आणि पुढे कुळ्याला पोर्तुगीज जकातदाराने व कॅसलरॉकला इंग्रज जकातदाराने प्रवाशाची गाठोडी सोडायची, हाच खेळ चालू राहिला. १९०२ पासून गाडी चालवायचे कामसुद्धा सदर्न मराठा रेल्वेकडे गेले. व्याजाची हमी मात्र पोर्तुगीज सरकारच्या, म्हणजे शेवटी रयतेच्या, गळ्यात राहिली.

खरे ते सांगितले पाहिजे. या गाडीने आमच्या पोरांना मुंबई दाखवली. भाटकाराच्या तावडीतून सुटून लोंढ्याच्या वाटेने पोटापाण्याला गेलेली माणसे थोडीथोडकी नाहीत, त्यांच्या मनीऑर्डरीवर कित्येक चुली पेटल्या. कुडचड्याचा बाजारही गाडीनेच वाढवला. आगगाडीशी आमचे वैर नाही.

वैर आहे ते आपल्या दारातून परक्याचा माल जावा आणि आपण फक्त धूळ झाडावी या रीतीशी. १९५५ साली सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली आणि घाटावरची गाडी थांबली. ती पुन्हा सुरू झाली डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर. याच काळात लोहखनिजाची भरभराट झाली. जपानकडे जहाजे भरून माती जाऊ लागली, कुडचड्याच्या रस्त्यावरून ट्रकांच्या रांगा आणि झुआरीतून बार्जींच्या रांगा लागल्या. ट्रक घ्यायला कर्ज, हॉटेल काढायला कर्ज. सगळा गाव खाणीच्या दावणीला बांधला गेला. डोंगराचा लाल गाळ खालच्या शेतात उतरला, नदीचे पाणी तांबडे झाले, तेव्हा तक्रार करणाऱ्याला विकासाचा शत्रू ठरवण्यात आले. मग सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये, आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, खाणी बंद पडल्या. पुन्हा सुरू झाल्या तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केले. ज्यांनी खनिज विकले ते तरले. बुडाला तो हप्ता भरणारा ट्रकवाला. आता पट्ट्यांचे लिलाव झाले आहेत आणि गाडे पुन्हा हलू लागले आहे, पण परक्या मालाच्या भरवशावर बाजार उभा केला की काय होते, हे कुडचड्याला कोणी शिकवायला नको.

आता नवा पाहुणा आला आहे: दगडी कोळसा. तो परदेशातून जहाजाने मुरगावात उतरतो, वाघिणींत भरला जातो आणि आमच्या शेतांमधून, चांदर-कुडचड्याच्या घरांच्या भिंतींजवळून घाटावरच्या पोलाद कारखान्यांकडे जातो. खाली उतरताना तोच खारीवाड्याच्या मच्छीमाराच्या जाळ्यावर आणि वाळत घातलेल्या मासळीवर बसतो. आणि या रुळाला आणखी एक जोडरूळ हवा आहे.

सांगतात काय, तर तुमच्यासाठीच दुपदरीकरण! तुम्हांला गाड्या वाढतील, पोरे वेळेवर कॉलेजात पोचतील. ठीक आहे. मग आमचे एक मागणे आहे. वाढणाऱ्या पॅसेंजर गाड्यांचे वेळापत्रक आधी लेखी द्या. पहाटे मुरगाव-वास्कोची ताजी मासळी घेऊन कुडचडे-कुळ्यापर्यंत येणारा आणि परतताना केप्या-सांग्याची भाजी, नारळ, केळी मडगावच्या बाजारात उतरवणारा एक डबा त्यात दाखवा. टोपली घेऊन चढणाऱ्या बाईला ‘लगेज कुठे ठेवतेस’ म्हणून दरडावणारा नव्हे, टोपलीसाठीच बांधलेला डबा. कोळशाच्या लांबच लांब गाडीला जागा होते, मग एका डब्याला का होणार नाही?

या प्रश्नाला उत्तर न मिळाल्यामुळेच नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला हजारो माणसे रात्रभर रुळांवर बसली. जानव्याची, क्रूसाची, सगळीच. कोणी भाड्याने आणलेली नव्हती. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. हा विजय मोठा, पण तो घाटातल्या रानाचा आहे. कुळ्याच्या खालच्या गावांना त्याने ढाल मिळालेली नाही. खाली काम तुकड्यातुकड्याने पुढे सरकत राहिले. शिवाय नव्याने अभ्यास करून पुन्हा अर्ज करायची वाट न्यायालयाने बंद केलेली नाही. रानातल्या वाघाला कायद्याने वकील आहे. बांधावरच्या कुळाला तो स्वतःच शोधावा लागतो.

तेव्हा बंधूंनो, मोर्च्याची वाट बघत बसू नका. रुळाला लागून ज्याचे शेत, घर किंवा माड आहे, त्याने आजच मामलेदार कचेरीतून एक-चौदाचा उतारा काढावा. कुळाचे नाव कुळाच्या रकान्यात आहे की नाही, मुंडकाराच्या घराची नोंद आहे की नाही, हे डोळ्यांनी बघावे. बापाच्या नावावरच राहिले असेल तर दुरुस्तीचा अर्ज टाकावा, कारण भरपाई मागताना तोंडी हक्क कोणी मोजत नाही. गावकारीची किंवा सामाईक जमीन असेल तर ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि त्याची शिक्क्याची प्रत घरात ठेवावी. रेल्वे कायद्याखाली विशेष प्रकल्पासाठी जमीन घ्यायची असेल तर अधिसूचना निघते आणि तिचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो, त्यातले एक लोकभाषेतले. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि हरकतदाराला सुनावणीचा हक्क आहे. ती नोटीस बारीक अक्षरांत, आतल्या पानावर, लग्नाच्या जाहिरातींजवळ असते. रापणीवरून आल्यावर मासळी बांधायला तो कागद घ्याल, तर आधी एकदा उलटून वाचा, आणि आपला सर्व्हे नंबर दिसला तर त्यावर बांगडे न बांधता तो घेऊन सरळ पंचायतीत या.