चिलखत कोणासाठी?

१४२९ च्या वसंतात फ्रान्समधील तूर या नगरात एका शेतकऱ्याच्या मुलीसाठी चिलखत घडविण्यात आले. राजाच्या खजिनदाराच्या हिशेबात त्याची किंमत शंभर लिव्हर अशी नोंदलेली आहे. त्याच वर्षी जूनमध्ये झार्जोच्या तटाला शिड्या लागल्या असता वरून आलेला दगड तिच्या शिरस्त्राणावर आदळून फुटला. ती खाली कोसळली आणि पुन्हा उठून उभी राहिली. जोन ऑफ आर्कचे ते चिलखत आज उरलेले नाही. पण एखाद्या सरदाराच्या अंगावर असावा तसा तो पूर्ण पोलादी साज होता, असे समकालीन उल्लेखांवरून दिसते. दोन वर्षांनी तिला जिवंत जाळण्यात आले, तेव्हा पुरुषी पोशाख हा तिच्यावरील आरोपांपैकी एक होता.

आज जगभरातील कोट्यवधी तरुण संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर अद्भुतरम्य लढाया खेळतात. राक्षस, जादूगार आणि ड्रॅगन यांच्याशी झुंजणाऱ्या तेथील वीरांगनांच्या अंगावरचे पोलाद पाहिले, तर ते पोट, मांड्या आणि छाती यांच्या रक्षणासाठी नव्हे, तर त्यांना चौकट म्हणून बसविलेले आहे, अशी कोणाचीही खात्री पटावी. या चिलखतांवरून खेळणाऱ्यांमध्ये जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, चिलखताने चिलखताचे काम करावे. दुसरा म्हणतो, जेथे ड्रॅगन आग ओकतो तेथे वास्तवाचा आग्रह कशाला? दोन्ही पक्ष आपापल्या परीने प्रामाणिक आहेत. परंतु उपयुक्तता विरुद्ध शोभा अशी मांडणी झाली की खरा प्रश्न हातचा निसटतो. शोभा कोणाच्या डोळ्यांसाठी, आणि ती ठरविते कोण, हा तो प्रश्न होय.

पोरांच्या खेळातल्या कपड्यांवर पक्षाच्या साप्ताहिकाने शाई खर्च करावी काय, असे चळवळीतील काही ज्येष्ठांना वाटेल. सिनेमाविषयी त्यांच्या आधीच्या पिढीलाही असेच वाटत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही खेळ बनविणारी कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरना विकत घेतली. भांडवल पोरखेळासाठी एवढी रक्कम मोजीत नसते.

प्रथम उपयुक्ततेचा मुद्दा. पंधराव्या शतकातील युरोपीय सरदाराचा संपूर्ण पोलादी साज साधारणतः वीस ते पंचवीस किलो वजनाचा असे. हे वजन सर्वांगावर वाटले गेल्यामुळे तो घालून पळता येई, घोड्यावर चढता येई. दोरखंडाने उचलून घोड्यावर ठेवावा लागणारा सरदार ही नंतरच्या लोकांनी रचलेली गंमत आहे. छातीचा पत्रा एकसंध फुगीर असे, पुष्कळदा त्याला मधोमध उभा कणा काढलेला असे. हेतू हा की भाल्याचे टोक तेथे ठरू नये, घसरून बाजूला जावे. खेळातील वीरांगनेच्या पत्र्याला मात्र दोन वेगळे उभार ठोकलेले असतात. त्या दोहोंमधल्या खाचेत घाव आपोआप ओढला जाईल, आणि खाचेच्या तळाशी असते छातीचे हाड. ज्या कारागिराने असा पत्रा खरोखर घडविला असता, त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दुकानात आले नसते.

पुरुष-पात्रांची चिलखतेही फार शहाणपणाची असतात असे नाही. २००४ साली सुरू झालेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळातील खांद्यांवरचे पत्रे डोक्याहून मोठे. हात वर करायचा म्हटला तर कान जायचा. पण त्याला कारण आहे. पडद्यावर पात्र लहान दिसते, खेळणारा त्याला मागून आणि वरून पाहतो, आणि गर्दीत कोण कोणत्या प्रकारचा योद्धा आहे हे बाह्याकृतीवरून एका क्षणात ओळखावे लागते. ही पडद्याची उपयुक्तता आहे. तिची थट्टा करणे सोपे आहे, पण त्या कामाची जाण असलेल्याने ती करू नये. मात्र खांदा मोठा का, याचे जे उत्तर मिळते ते पोट उघडे का, या प्रश्नाला लागू पडत नाही. दुरून ओळखू येण्यासाठी मांडी उघडी असावी लागत नाही.

इतिहासातील चिलखत निव्वळ उपयुक्ततेचे होते, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. रोमन सेनानींच्या छातीवरच्या पत्र्यावर पीळदार स्नायू, बेंबीसकट, घडविलेले दिसतात. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे १५४० चे चिलखत लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेले आहे. त्याच्या जांघेवर पोलादाचा जो प्रचंड उभार बसविला आहे, त्याला युद्धशास्त्रात काही आधार सापडणार नाही. ती राजाच्या पौरुषाची जाहिरात होती. परंतु जाहिरात करण्यासाठी हेन्रीने जांघ उघडी टाकली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. शोभा त्याच्या मालकीची होती आणि संरक्षणही त्याच्याच मालकीचे होते.

ज्यांच्या मालकीचे फारसे काही नव्हते त्यांचे काय झाले, हे बाल्टिक समुद्रातील गोटलंड बेटावर दिसते. २७ जुलै १३६१ रोजी व्हिस्बी नगराच्या तटाबाहेर डेन्मार्कच्या राजाच्या फौजेने बेटावरील शेतकऱ्यांची सेना कापून काढली. नगरातील व्यापारी तटाच्या आत बसून राहिले आणि नंतर त्यांनी दरवाजे उघडले. विसाव्या शतकात तेथील सामूहिक कबरी उकरल्या गेल्या, तेव्हा अकराशेहून अधिक माणसांचे सांगाडे निघाले. काहींच्या कवटीभोवती साखळ्यांची टोपडी तशीच होती, काहींच्या अंगावर जुन्या घाटाची चिलखते होती. त्यांत मिसरूड न फुटलेली मुले होती, म्हातारेही होते. पायांच्या हाडांवर घावांची संख्या विलक्षण होती, कारण पाय झाकण्यापुरते लोखंड बहुतेकांपाशी नव्हते. शरीराचा कोणता भाग उघडा राहतो, हा त्या मैदानावर वर्गाचा प्रश्न होता.

खेळात लोखंड नसते. तेथे चिलखत म्हणजे एक आकडा: संरक्षण तीस, संरक्षण पन्नास. त्या आकड्यावर वाटेल ते चित्र चिकटविता येते. म्हणूनच काल्पनिकतेचा युक्तिवाद, तो करणाऱ्यांच्या लक्षात येत नसला तरी, त्यांच्यावरच उलटतो. जेथे वजन नाही, लोखंडाचा भाव नाही, कसलीही भौतिक सक्ती नाही, तेथे प्रत्येक उघडी जागा कोणीतरी विचारपूर्वक उघडी ठेवलेली असते. कोरियातील ब्लूहोल कंपनीचा तेरा हा खेळ २०११ साली निघाला आणि २०२२ मध्ये संगणकावर बंद झाला. त्यात जड चिलखताचा पुरुष-योद्धा हनुवटीपासून टाचेपर्यंत पोलादात बुडालेला असे. त्याच दर्जाचे चिलखत घातलेली स्त्री अंतर्वस्त्रांवर लोखंडाचे चार तुकडे अडकवून रणात उतरे. कल्पनेला पंख असतात असे म्हणतात. येथे ते फक्त एकाच दिशेने उडतात.

ही रूढी खेळांनी शोधलेली नाही. अमेरिकन चित्रकथांतील रेड सोन्या १९७३ साली प्रथम अवतरली तेव्हा तिच्या अंगात साखळ्यांचा सदरा तरी होता. पुढल्याच वर्षी त्याच्या जागी धातूच्या चकत्यांची चोळी आली आणि तीच तिची ओळख ठरली. निन्टेंडोच्या १९८६ सालच्या मेट्रॉइड या खेळात सर्वांग झाकलेला वीर अखेरीस स्त्री असल्याचे उघड होते. कल्पना धाडसाची होती. परंतु खेळणारा जितक्या कमी वेळात शेवट गाठील, तितके तिच्या अंगावरील कपडे कमी! चिलखत उतरविलेली स्त्री हे चपळ खेळाडूचे बक्षीस ठरले. उलट बाजूची उदाहरणेही आहेत. जपानी डार्क सोल्स या २०११ च्या खेळात बहुतेक चिलखते स्त्री-पुरुष दोघांनाही सारखीच झाकतात. चेक प्रजासत्ताकात तयार झालेल्या किंगडम कम: डिलिव्हरन्स या २०१८ च्या खेळात, आत जाड कापडी अंगरखा, त्यावर साखळ्या, त्यावर पत्रा, असे थर एकेक करून चढवावे लागतात. दोन्ही खेळ लक्षावधी प्रतींनी खपले. ‘बाजाराला हेच हवे असते’ ही सबब त्यामुळे फारशी टिकत नाही.

बाजाराला काय हवे हे समजून घ्यायचे तर घोड्याकडे पाहावे. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा या कंपनीने ऑब्लिव्हियन या आपल्या खेळातील घोड्यासाठी चिलखत विक्रीस काढले. किंमत अडीच डॉलर, आणि महत्त्व मुख्यतः दिसण्यापुरते. खेळणाऱ्यांनी त्या वेळी यथेच्छ टिंगल केली. टिंगल विरून गेली, धंदा राहिला. २०२५ मध्ये त्याच खेळाची नवी आवृत्ती आली, तेव्हा महागड्या प्रतीसोबत घोड्याची नवी चिलखते देण्यात आली होती. आपल्याकडे तालुक्याच्या गावातील मुलेसुद्धा बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया खेळतात. ती चालविणारी क्राफ्टन म्हणजे पूर्वाश्रमीची ब्लूहोलच. या खेळात शिरस्त्राण आणि संरक्षक जाकीट यांच्या पहिली, दुसरी, तिसरी अशा पायऱ्या आहेत. गोळीपासून जे वाचविते ते जाकीट मैदानात पडलेले फुकट सापडते. पैसे मोजावे लागतात ते रंगरूपासाठी. उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांची फारकत अभ्यासवर्गात शिकविताना कार्यकर्त्यांना उदाहरणे शोधावी लागतात. येथे ती फारकत इतकी पूर्ण झाली आहे की उपयोग फुकट वाटला जातो आणि विकले जाते ते निव्वळ रूप. रूपाचेच दुकान थाटल्यावर स्त्रीचे शरीर काचेत सर्वांत पुढे मांडले जाणार, यात नवल ते कोणते?

या ठिकाणी चळवळीतील काहींना बंदीचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा कायदा १९८६ साली झाला. त्याच्या व्याख्येत स्त्रीच्या अवमानाबरोबरच सार्वजनिक नीतीला बाध येण्याची गोष्टही बसविलेली आहे. या दुसऱ्या शब्दप्रयोगाचा हात धरून संस्कृतिरक्षक नेहमी पुढे येतात, आणि स्त्रीने काय नेसावे हे ठरविण्याचा अधिकार मागतात. जोनच्या न्यायाधीशांनाही तिच्या पोशाखाची मोठी काळजी होती. तिने अंग झाकले होते, तरी ती दोषी ठरली. तेव्हा समाजवाद्यांची हरकत उघड्या शरीराला असू शकत नाही. कॉनन या चित्रकथांतील वीरालाही लंगोटीवर लढविले जाते. पण ती लंगोटी त्याचे बळ दाखविते, त्याला बक्षीस म्हणून देऊ करीत नाही. हरकत आहे ती या विषम वाटपाला, आणि ज्या टेबलावर ते ठरते तेथे कोण बसते, याला.

ते टेबल २०२१ साली थोडेसे उजेडात आले. त्या वर्षी जुलैमध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डवर दावा लावला. स्त्री-कर्मचाऱ्यांना कमी वेतन, बढतीत डावलणे आणि लैंगिक छळ असे आरोप होते. २८ जुलैला कर्मचारी कामावरून बाहेर पडले. त्यांच्या मागण्यांत वेतनाची माहिती खुली करावी, भरती व बढतीची पद्धत बदलावी आणि तक्रारी सक्तीच्या खासगी लवादाकडे नेणे थांबवावे, अशा गोष्टी होत्या. चिलखताचा त्यांत उल्लेख नव्हता. सप्टेंबरमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या आगामी आवृत्तीत एक बदल दिसला. खेळातील एका भिंतीवरचे तोकड्या वस्त्रांतील स्त्रीचे चित्र काढून तेथे फळांची परडी टांगण्यात आली होती. कंपनीने दोष कबूल न करता डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ५४ दशलक्ष डॉलरची तडजोड केली. छळाचे आरोप राज्याने मागे घेतले. जानेवारी २०२४ मध्ये नव्या मालकाने खेळ विभागातील १९०० लोकांना कामावरून कमी केले. भिंतीवर फळे होती, नोकरी नव्हती.

म्हणून जुलै २०२४ ची घटना अधिक मोलाची. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट घडविणारे सुमारे ५०० कामगार त्या महिन्यात कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका या युनियनमध्ये संघटित झाले. ते अवाढव्य खांदे रेखाटणारे चित्रकार त्यांत आहेत. त्याच महिन्यात बेथेस्डाच्या स्टुडिओतही युनियन उभी राहिली. घोड्याला चिलखत चढविणाऱ्यांनी स्वतःसाठीही काहीतरी घडवायला घेतले, असे म्हणता येईल.

हे काम अमेरिकेतच होते असे नाही. बंगळूरमध्ये १९९७ साली स्थापन झालेला ध्रुव इंटरॅक्टिव्ह हा स्टुडिओ वर्षानुवर्षे परदेशी खेळांसाठी चित्रे आणि आकृती पुरवीत आला आणि २०१९ मध्ये रॉकस्टारने तो विकत घेतला. पुण्यात युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. याखेरीज कंत्राटावर चालणाऱ्या लहानमोठ्या जागा आहेत. तेथे कला महाविद्यालयांतून आलेली मुले-मुली परदेशातून ठरून आलेल्या आराखड्याप्रमाणे पट्टे, बकले आणि मांडीवरचे पत्रे दिवसेंदिवस घडवीत बसतात. खेळाच्या शेवटी येणाऱ्या नामावलीत पुष्कळदा त्यांच्या कंपनीचे नाव येते, त्यांचे येत नाही. अशा एखाद्या मुलीपुढे ते दोन उभारांचे चिलखत आले, तर ‘हे चुकीचे आहे’ एवढे तरी तिला वरिष्ठांना सांगता येते काय, हे तिच्या सौंदर्यदृष्टीपेक्षा तिची नेमणूक किती महिन्यांची आहे यावर अवलंबून राहते. पक्षाच्या युवक कार्यकर्त्यांना त्या दारांवर जाऊन बोलण्यास सुरुवात करायची असेल, तर प्रथम विचारण्यासारखी गोष्ट तीच आहे: मुदत किती महिन्यांची?