वाख आपला, कागद कुणाचा?

सध्या हातकागद आणि नैसर्गिक रंगकामाच्या शिबिरांचे पेव फुटले आहे. दोन दिवस केळीच्या खांबाचा लगदा करायचा, जाळीवर कागद उचलायचा, कांद्याच्या सालीत रुमाल बुडवायचा, फोटो काढायचे आणि घरी जायचे. फी काही हजारांत. जाहिरातीत 'मातीशी नाते', 'आजीचे ज्ञान' असे शब्द. या शिबिरांत आपल्या वस्तीतली मुले-मुली दिसत नाहीत. दिसलीच तर पातेली घासताना. कला कुणीही शिकावी, त्याला आमची हरकत नाही. पण ही आजी कोणाची, हे विचारावेच लागेल.

महाराष्ट्रात वनस्पतीच्या धाग्याचे ज्ञान गावकुसाबाहेर राहिले. घायपाताची पाने, अंबाडीची ताटे पाण्यात कुजवायची, बडवून वाख काढायचा, धुऊन वाळवायचा, मग पीळ द्यायचा. घायपाताच्या रसाने अंगाला खाज सुटते आणि कुजल्या पाण्याचा वास हाताला चिकटून राहतो. हे काम मातंगांच्या वाट्याचे. कासरा, दावे, चऱ्हाट, मोटेचा नाडा आणि सोंदूर त्यांनी वळला. ज्या नाड्याने विहिरीतून मोट वर येई, त्या विहिरीला नाडा वळणाऱ्याचा हात लागलेला चालत नव्हता.

आणि कागद? जुने दोर, गोणपाट, चिंध्या हाच आपल्याकडच्या हातकागदाचा जुना कच्चा माल. जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात मुस्लिम कागदी कारागीर असा माल भिजवून, चुन्यात मुरवून, कुटून त्याचा कागद करत. पेशव्यांचा कारभार याच जुन्नरी आणि दौलताबादी कागदावर चालला. म्हणजे दोर वळणारा अस्पृश्य, कागद करणारा मुसलमान आणि त्यावर लिहिण्याचा अधिकार मूठभरांचा. 1855 मध्ये मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतली मातंग मुलगी 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते, तेव्हा दोर वळणाऱ्यांच्या घरातले अक्षर छापील पानावर येते. 'आजीचे ज्ञान' म्हणून गहिवरणाऱ्यांना हा धाग्यापासून अक्षरापर्यंतचा रस्ता ठाऊकच नसतो.

हा गहिवर नवा नाही. 1934 मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि हातकागद हा त्याच्या उद्योगांपैकी एक होता. 1940 मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. कागद करणे वाईट नव्हते. पण त्याच गांधीजींचा वर्णधर्म काय सांगत होता? पोटासाठी प्रत्येकाने वाडवडिलांचाच धंदा करावा. बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' लिहून दाखवून दिले की जातीने नुसती कामे वाटलेली नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून वर-खाली रचली आहेत. 1945 च्या ग्रंथात तर त्यांनी यंत्राची बाजू उघड घेतली. यंत्राने कष्ट कमी होतात, फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणसाला माणूस म्हणून वाढता येत नाही. दिवसभर ऊखळात लगदा कुटणाऱ्या बाईला कसले वाचन आणि कसली सभा!

आता नव्या नावाने तेच येते आहे. 17 सप्टेंबर 2023 ला केंद्राने विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यात 18 पारंपरिक धंदे आहेत आणि टोपल्या, चटया, झाडू करणारे, काथ्याचे काम करणारेही त्यात मोडतात. पहिले कर्ज एक लाखाचे, दुसरे दोन लाखांचे, व्याज पाच टक्के. पैसे मिळत असतील तर घ्यावेत, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण योजनेची भाषा वाचा: गुरु-शिष्य परंपरा, कुटुंबाचा परंपरागत धंदा. तमिळनाडू सरकारने कुटुंबाच्या धंद्याची अट काढा आणि किमान वय 35 करा, अशी मागणी केली. मागणी साधी होती: अठराव्या वर्षी पोराच्या हातात बापाचा झाडू देऊ नका, त्याला आधी कॉलेजात जाऊ द्या. महाराष्ट्रात यावर किती सभा झाल्या?

दुसऱ्या टोकाला आपलेच काही कार्यकर्ते आहेत. "हाताचे काम आता नको, बाबासाहेबांनी सोडायला सांगितले," असे ते म्हणतात. बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला सोडायला सांगितली ती लादलेली, अपमानाची कामे. तंतू, क्षार, रंग यांचे शास्त्र त्यांनी कधी टाकायला सांगितले? विनयपिटकाचा महावग्ग उघडा. चीवर रंगवायला मूळ, खोड, साल, पान, फूल, फळ असे सहा प्रकारचे रंग भगवंतांनी सांगितले आहेत. रंग पुरता शिजला की नाही, हे थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहावे, हेही त्यात आहे. भिक्खू आपले चीवर आपल्या हाताने रंगवत. ब्राह्मण कुळातला असो की न्हाव्याच्या घरचा. आणि पहिल्या संगीतीत हा विनय ज्याने सांगितला तो उपाली न्हावीच होता! रंगकाम संघात आले आणि त्याची जात गळून पडली. आम्हाला हवे आहे ते हे.

म्हणून शिका, पण शास्त्र म्हणून शिका. सुती कापडावर रंग नुसता टिकत नाही. आधी हिरड्याचे टॅनिन, मग तुरटी, मग रंग. हिरड्याच्याच कापडावर गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवलेले पाणी घातले की काळा येतो. आपल्या झेंड्याचा रंग घ्या. नीळ पाण्यात विरघळत नाही. क्षारयुक्त हौदात तिच्यातला ऑक्सिजनचा परिणाम काढून टाकला की ती पिवळट-हिरवी होते आणि कापड हवेत आले की डोळ्यांदेखत निळे होते. हे बी.एस्सी.च्या पोरीला समजते तसे दहावी झालेल्या पोरालाही समजते, कुणी नीट सांगितले तर. (तुरटी आणि लोखंडही रसायनेच आहेत. 'केमिकल नाही' म्हणून चौपट भाव लावणाऱ्यांना हे जरूर ऐकवा.)

कागदातही तेच. जळगावात केळीचे घड उतरले की खांब शेतातच पडतात. तुकडे करून सोड्यात शिजवायचे, पाणी निवळेपर्यंत धुवायचे, कुटायचे, जाळीवर उचलायचे, दाबायचे, वाळवायचे. कुटायला बीटर घ्या. हाताने कुटण्यात पुण्य नाही, खांदे मात्र जातात. सोड्याला हातमोजे हवेत आणि उरलेले पाणी वस्तीच्या नाल्यात सोडायचे नाही. शक्य असेल तिथे सहकारी संस्था काढा. वाळवणे, निवडणे, चिकटवणे ही कमी मजुरीची कामे बायकांच्या गळ्यात पडू देऊ नका. बिल फाडायला आणि भाव ठरवायलाही त्यांनाच बसवा.

एखाद्या संस्थेने वस्तीत येऊन 'तुमची परंपरा तुम्हाला परत देतो' म्हटले, तर चहा पाजा आणि विचारा: शिकताना विद्यावेतन किती? बीटर आणि साचे कोणाच्या नावावर? एका कागदाला गिऱ्हाईक किती देते आणि आम्हाला किती मिळतात? या वर्गात मराठ्यांची, ब्राह्मणांची पोरे लगद्यात हात घालायला बसणार आहेत का? सहा महिन्यांनी हे सोडून नर्सिंगला जायचे म्हटले तर तुमची हरकत नाही ना? उत्तरे लेखी मागा आणि काय येतात ते आम्हाला कळवा.

जय भीम!