किल्ली केव्हा खाली ठेवावी?

वार्धक्य हा अपराध नव्हे. परंतु रस्त्यावरील जबाबदारीतून सूट मिळण्याचे ते कारणही नव्हे. वडिलांच्या हातून मोटारीची किल्ली कोणी काढून घ्यावी, हा प्रश्न आज घरोघर कुजबुजला जातो. मुलांना तो अवघड वाटतो आणि शासनाला गैरसोयीचा.

कायदा याबाबत अगदीच मूक नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार वयाच्या ५५ वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच वर्षांपुरतेच होते. चाळिशी उलटलेल्यास वैद्यकीय दाखलाही लागतो. २५ मीटरांवरील वाहनाची पाटी वाचता येते काय, तांबडा व हिरवा रंग ओळखता येतो काय, रातांधळेपणा आहे काय, असे प्रश्न त्यात विचारलेले असतात. प्रश्न योग्यच आहेत. परंतु पाटी न दाखविताच उत्तर लिहिले गेले, तर त्या दाखल्याचे मोल शाईइतकेच! शिवाय भर चौकात क्षणार्धात निर्णय घेण्याची शक्ती कागदावरून कळत नाही.

एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या मोटारीने एका मातेचा व तिच्या तीन वर्षांच्या कन्येचा बळी घेतला. जपानात पंचाहत्तरीपुढील चालकांच्या स्मृतीची व आकलनाची चाचणी २००९ पासूनच होती. २०२२ पासून, त्यांपैकी ज्यांच्या नावे विशिष्ट नियमभंग आहेत, त्यांना प्रत्यक्ष वाहन चालवून दाखवावे लागते. तथापि केवळ वयावरून बंदी जपाननेही घातलेली नाही.

ती आपणही घालू नये. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि नोंदलेल्या कारणांत अतिवेग अग्रभागी होता. त्याचे खापर वृद्धांच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. आमचे म्हणणे एवढेच की, सत्तरीनंतरची तपासणी खरीखुरी असावी. ती शासकीय रुग्णालयात विनामूल्य व्हावी. आणि ज्याची दृष्टी केवळ रात्री दगा देते, त्याला दिवसापुरता परवाना द्यावा.

आणखी एक कर्तव्य शासनाचे व महापालिकांचे आहे. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एस.टी.चा प्रवास २०२२ पासून मोफत झाला, हे स्तुत्यच. पण दवाखान्यापर्यंत नेणारी शहर बस वेळेवर येत नसेल आणि तिची पायरी गुडघ्याला झेपत नसेल, तर वृद्धाने किल्ली सोडावी तरी कोणत्या भरवशावर? पर्याय न देता मागितलेला त्याग ही सक्तीच होय.

ज्या हातांनी आयुष्यभर कुटुंबाचा गाडा ओढला, त्यांना सन्मानाने विसावा मिळाला पाहिजे. मात्र तो अपघातापूर्वी मिळावा, नंतर नव्हे.