पपनसाचं सरबत आणि मद्रासची वाट

जुने रहस्यपट आवडतात ना तुम्हाला? मग डेव्हिड लीनचा १९५० सालचा 'मॅडलिन' बघाच. कथा खरी आहे. १८५७ मध्ये ग्लासगोत एमिल लान्जेलिए नावाचा तरुण आर्सेनिकच्या विषानं मेला. त्याच्याकडे श्रीमंत घरातल्या मॅडलिन स्मिथची प्रेमपत्रं सापडली. तिनं आर्सेनिक विकत घेतल्याचंही उघड झालं. पण ते विष तिनंच त्याला पाजलं, हे सिद्ध होईना. ज्युरीनं स्कॉटलंडच्या कायद्यातला तिसरा निकाल दिला : 'आरोप सिद्ध झाला नाही.' मॅडलिन सुटली. अॅन टॉडनं ही भूमिका अशी केली आहे, की शेवटपर्यंत तिच्या मनाचा थांग लागत नाही.

असंच एक प्रकरण आपल्या मराठी संस्थानात घडलं होतं, आणि त्याचा शेवट झाला मी राहते त्या चेन्नईत!

९ नोव्हेंबर १८७४ची सकाळ. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले. मळमळू लागलं, म्हणून उरलेलं फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत निघालं आर्सेनिक आणि हिऱ्याची पूड! फेअर वाचले. संशय गेला महाराज मल्हारराव गायकवाडांवर. फेअर यांना बदला, अशी मागणी त्यांनी आठवडाभर आधीच व्हाइसरॉयकडे केली होती. दोघांचं हाडवैर सगळ्यांना ठाऊक होतं.

१८७५ मध्ये सहा जणांचं चौकशी मंडळ बसलं : तीन इंग्रज आणि तीन भारतीय. भारतीयांमध्ये ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. रेसिडेन्सीच्या नोकरांनी आणि महाराजांच्या खासगी चिटणिसानं महाराजांविरुद्ध साक्ष दिली. बॅलंटाइननी उलटतपासणीत या साक्षीदारांना धारेवर धरलं. शेवटी मतं पडली तीन विरुद्ध तीन. इंग्रजांना महाराज दोषी वाटले, भारतीयांना तो आरोप सिद्ध झालेला वाटला नाही.

मग महाराज सुटले का? नाही. सरकारनं विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरकारभाराचं कारण देऊन एप्रिल १८७५ मध्ये त्यांना पदच्युत केलं. त्यांची रवानगी मद्रासला झाली. १८८२ मध्ये तिथंच त्यांचा मृत्यू झाला.

मल्हाररावांचा कारभार वाईट होता, प्रजेच्या तक्रारी खऱ्या होत्या. पुढे गादीवर आलेल्या सयाजीरावांनी बडोद्याचं सोनं केलं, हेही खरं. सयाजीराव लहान असताना राज्य सांभाळणारे दिवाण सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. एक मराठी माणूस बडोद्याहून मद्रासला पाठवला गेला आणि दक्षिणेतला दुसरा मराठी माणूस बडोद्याला गेला!

तरी प्रश्न उरतोच. संशयाचा फायदा ग्लासगोच्या मुलीला मिळाला, बडोद्याच्या राजाला नाही. माणूस वाईट असला, की त्याच्यावरचा प्रत्येक आरोप आपोआप खरा ठरतो का? मोबाइलवर रोज कुणाचा ना कुणाचा निकाल लावून टाकणाऱ्या आपण सगळ्यांनी हे स्वतःला विचारायला हवं.

या रविवारी घरच्यांसोबत 'मॅडलिन' बघा. संपल्यावर प्रत्येकाचं मत घ्या : दोषी, निर्दोष, की सिद्ध झालं नाही? घरातही तीन विरुद्ध तीन झालं, तर आम्हाला जरूर कळवा!